अक्षरं चुकली म्हणून नाणं खोटं ठरत नाही : एका अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, 'ज्या नाण्यावर अक्षरं बरोबर ते खोटं म्हणतात, ज्यावर नुसत्या रेघोट्या ते जुनं म्हणतात. वर तपासणीचे तीनशे रुपये घेतात. सोलापुरात बसून यांना रोमन नाण्यांतलं काय कळणार?'

तीनशे रुपयांची पाटी काउंटरवर आहे, नाणी हातात घेण्याआधी मुलाने तुम्हाला तसं सांगितलं आणि पावतीही दिली. तो विषय माझ्याकडून संपला. बाकीचं मात्र सविस्तर लिहितो, कारण याच गैरसमजापायी लोक चांगली जुनी नाणी वितळवायला देतात आणि ते मला बघवत नाही.

तुमची दोन्ही नाणी एकाच नमुन्याची, पण पहिलं अलीकडचं बनावट आणि दुसरं जुन्या काळीच इथे झालेली नक्कल. पुढे रोमच्या टायबेरियस बादशहाचं डोकं, मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी. ऑगस्टस आणि टायबेरियस या रोमन बादशहांची दिनारियस नावाची चांदीची नाणी दक्षिण भारतात सगळ्यात जास्त सापडतात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही इथे त्याच काळात झाल्या. नक्कल करणारा कारागीर हातचा पक्का होता, पण त्याला लॅटिन येत नव्हतं. लिहिता न येणाऱ्याने दुसऱ्याची सही चित्रासारखी काढावी, तशी त्याने अक्षरं काढली. म्हणून काही अक्षरं उलटी पडतात, काही गळतात, काहींच्या नुसत्या उभ्या रेघा नि टिंबं उरतात.

हे आपल्याकडे नवीन नाही. पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षत्रप घराण्यांतल्या नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला ती तेरा हजारांहून जास्त मिळाली. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तीच ग्रीक अक्षरं हळूहळू नक्षी होऊन गेली. त्यांना कोणी बनावट म्हणत नाही.

आता तुमचं दुसरं नाणं, ज्याला तुम्ही रेघोट्या म्हणता. भिंगाखाली कडेजवळची अक्षरं बघा, त्यांच्या पायापासून कडेकडे बारीक रेषा पसरल्यात. ठशावर घाव बसला की चांदी बाहेर सरकते, त्याच्या या खुणा आहेत. कड एका जागी तडकलीय, तीही घावानेच. बादशहाचं नाक सरळ, डोळा बदामी आणि मोठा, केसांच्या जागी समांतर ओळी. ही ओळख रोमन टाकसाळीची नाही, पण ढिलाईही नाही. ठसा कापणाऱ्याचा हात कुठेच अडखळलेला नाही. गालावर छिन्नीचा जुना घाव आहे आणि त्या घावाच्या आतली चांदीही बाकीच्या पृष्ठभागाइतकीच काळवंडलीय. आपल्याकडच्या साठ्यांतली रोमन नाणी अशी चिरलेली पुष्कळ मिळतात. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला १८९८ साली सोन्याची ५०१ मिळाली, त्यातल्या बहुतेकांवर चेहऱ्यावरून घाव होता.

पहिल्याची गोष्ट वेगळी. अक्षरं शुद्ध आहेत, कारण ते अस्सल नाण्यावरून साचा घेऊन ओतलंय. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, मधल्या सपाट जागेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, आणि कडेवरून फिरलेली कानशीची खूण. वजन तीन ग्रॅमलाही पोचलं नाही, टायबेरियसचं अस्सल पावणेचारच्या आसपास भरतं. कापसाचा बोळा फिरवला तेव्हा खाचांतला काळेपणा बोळ्यावर आला, तुम्ही समोर उभे होतात.

तरीही एवढ्यावर मी निकाल दिला नसता. झीज झाली की वजन घटतं, जमिनीतल्या क्षारांनीही खड्डे पडतात. पण हनुवटीखाली एक वाकडा ओरखडा आहे. तोच ओरखडा, त्याच जागी, त्याच लांबीचा, आमच्या नकली नाण्यांच्या ट्रेमधल्या आणखी एका नाण्यावर आहे. ओरखडा एका नाण्याच्या आयुष्यात एकदा पडतो. दोन नाण्यांवर तो हुबेहूब असेल तर दोन्ही एकाच साच्यातून आली. ट्रे मी तुमच्यासमोर उघडला होता, तेवढ्यात तुम्ही उठलात.

'मशीनवर टाकायला हवं होतं' असंही तुम्ही लिहिलंय. मशीन वरच्या थरात चांदी किती ते सांगतं. जुनी झिजलेली चांदी आज वितळवून ओतली, तर मशीन चांदीच दाखवणार. ठोकलंय की ओतलंय, हे डोळ्यांनी आणि भिंगानेच ठरतं. आणि हल्ली अशा बिघडलेल्या अक्षरांच्या नाण्यांच्याही नव्या नकला येतात, त्यामुळे 'अक्षरं वाकडी म्हणजे जुनं' असंही मी कधी म्हणत नाही.

सोलापुरात काय कळणार म्हणालात, त्याने मात्र वाईट वाटलं. गोरोबाकाकांचं तेर इथून जवळ आहे. तेच जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक भाषेतल्या व्यापारी प्रवासवर्णनात तिथलं कापड भडोच बंदरात जात असल्याचं लिहिलंय, आणि त्याच भडोचला रोमची सोन्या-चांदीची नाणी येत आणि बदलून घेताना नफा मिळे. रोमन नाण्यांवरून केलेल्या मातीच्या मुद्रा दख्खनच्या जुन्या गावांत मिळाल्यात, तेरलाही. ही नक्कल आपल्या मुलखातली आहे, ती ओळखायला आपण नाही शिकायचं तर कोणी?

दुसरं नाणं मी विकत घेतलं नाही, याचाही राग दिसतो. ते कुठून आलं हे लिहून द्या, एवढंच मी मागितलं. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे, आणि पुरावस्तूंच्या व्यापाराला १९७२ चा. घरातलं असेल तर तसं लिहून द्यायला अडचण नसावी.

ते नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, प्लॅस्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, कागदाच्या पुडीत ठेवा. पहिलं ज्याच्याकडून घेतलं त्याला परत करा. ओरखडा बघायला तो मागेल तर दोन्ही नाण्यांचे फोटो शेजारी शेजारी काढून देतो, फी नाही. संध्याकाळी पाचनंतर या, तेव्हा दुकानात मी असतो.