मेफिस्टो वॉल्ट्झ म्हणजे बोटांची कसरत नव्हे

हंगेरियन संगीतकार आणि पियानोवादक फ्रान्झ लिस्टच्या पहिल्या 'मेफिस्टो वॉल्ट्झ'ची, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या ठेक्यावरल्या रचनेची, क्लिप फिरत फिरत आली की सोबत ठरलेला मजकूर असतो: जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट'वरून, आपल्या मैफली गाजवण्यासाठी लिस्टने हे लिहिलं; यात वेगाखेरीज ऐकण्यासारखं काही नाही. तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि तिसरं मला सर्वांत जास्त लागतं.

आधी गटे आणि त्याचा 'फाउस्ट', म्हणजे मेफिस्टो नावाच्या सैतानाशी करार करणाऱ्या विद्वानाची कथा. त्यावर लिस्टने वेगळी सिंफनी लिहिली आणि ती १८५७ मध्ये वायमारला पहिल्यांदा वाजली. हा वॉल्ट्झ मात्र निकोलाउस लेनाउ या ऑस्ट्रियन कवीच्या 'फाउस्ट'वर आधारलेला आहे, १८३६ सालच्या निराळ्याच काव्यावर. कुणी म्हणेल, काय फरक पडतो? प्रसंगच ठाऊक नसेल तर रचनेची सुरुवात कळत नाही, एवढा फरक पडतो. गावातल्या गुत्त्यात लग्नाचा नाच चालू आहे. मेफिस्टो तिथल्या वादकाचं व्हायोलिन आपल्या हाती घेतो. पियानोवर सर्वांत आधी ऐकू येतं ते हेच व्हायोलिन: पंचमावर पंचम चढत जातो, कारण व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या तारा षड्ज-पंचमाच्या नात्यानेच लावलेल्या असतात. अनेकांना जी नुसती ठोकाठोक वाटते, ती सैतानाच्या हातात आलेल्या वाद्याची तयारी आहे.

मैफलींचं उत्तर तारखाच देतात. लिस्टने पैसे घेऊन मैफली करणं १८४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी थांबवलं. हा वॉल्ट्झ त्यानंतर दहाएक वर्षांहून अधिक काळाने, १८६० च्या आसपासचा, आणि तो अर्पण केलाय शिष्य कार्ल टाउझिगला.

आता कसरत. वाजवायला ही रचना भयंकर अवघड आहे. शेवटाकडच्या प्रेस्टोमधल्या, म्हणजे अतिजलद भागातल्या, उड्या भल्याभल्यांना घाम फोडतात. पण मधला डी फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतला भाग ऐका. वेग ओसरतो, आवाज खाली येतो, आणि एक चाल ठेक्याच्या जराशी मागे रेंगाळत राहते, पाऊल टाकावं की नको अशी. फाउस्ट काळ्याभोर डोळ्यांच्या मुलीसोबत नाचतोय. पुढे जो वेग येतो, तो या रेंगाळण्यातूनच पेटत जातो. आधीची ओढ ऐकलीच नाही, तर नंतरच्या उड्या खरोखरच कसरत वाटतील.

लेनाउच्या काव्यात ती दोघं नाचत नाचत बाहेर पडतात, रात्रीच्या रानात शिरतात, आणि तिथे नाइटिंगेल गात असतो. पियानोवरही शेवटाआधी सगळा गदारोळ थांबतो आणि वरच्या सुरांत फक्त त्या पक्ष्याची थरथर उरते. मला आलेल्या क्लिपमध्ये नेमका तेवढाच भाग कापलेला होता.