डायबेटिस आहे म्हणून गुळाचा चहा

"मला डायबेटिस आहे ना, म्हणून मी गुळाचाच चहा घेतो." चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसांच्या तोंडून हे ऐकून ऐकून कान किटले. परवा एका टपरीवर तर पाटीच होती, 'मधुमेहींसाठी खास'. चहावाला ग्लासात गुळाची पावडर टाकत होता, चांगले दोन चमचे शिगोशीग. समोरचे काका निवांत. घरी साखरेचा अर्धा चमचासुद्धा मोजून घेणारा माणूस!

गुऱ्हाळावर गेला असाल तर आठवा. चरकातून निघालेला रस काहिलीत उकळतो, गुळव्या भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढत राहतो, रस आटतो, त्याची ढेप होते. यात पाणी गेलं, मळी गेली. साखर कुठे गेली? कुठेच नाही, ती ढेपेतच आहे. गुळात साधारण 65 ते 85 टक्के सुक्रोज असतं, म्हणजे डब्यातल्या साखरेत असतं तेच. 100 ग्रॅम साखरेत 400च्या आसपास कॅलरी, गुळात साडेतीनशेच्या वर. आणि गूळ कमी गोड लागतो म्हणून आपण तो जास्त घालतो, ते वेगळंच.

मग लगेच लोहाचा मुद्दा येतो. गुळात लोह आहे, मान्य. पण 10 ग्रॅम गुळातून मिळून मिळून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास मिळणार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं. गुळावर ही भरपाई करायची तर रोज अर्धा किलोच्या वर गूळ खावा लागेल. रंग उजळायला टाकतात ती हायड्रो पावडर न मारलेला काळपट गूळ घ्या म्हणतात, जरूर घ्या. त्याने रसायन टळेल, साखर टळणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5च्या आत आली तर उत्तम. 2000 कॅलरींच्या आहारात हे 5 टक्के म्हणजे दिवसाला फक्त 25 ग्रॅम. मधही त्यातच धरलाय. (मध-लिंबूपाणीवाल्यांनी माफ करावं.)

भाताचंही असंच. "भात बंद केला, आता चार पोळ्या खातो." अहो, पोळीतही स्टार्चच आहे, पोटात त्याचं ग्लुकोजच होतं. ज्वारीची भाकरी मला जिवापाड आवडते, तरी हेच सांगेन. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचा 2025चा अभ्यास बघा. आपल्या देशात सरासरी 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, आणि पांढऱ्या भाताऐवजी गहू किंवा भरडधान्यांचं पीठ खाल्लं म्हणून मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कर्बोदकं थोडी कमी करून त्या जागी डाळी-कडधान्यं, दूध-दही यांतली प्रथिनं आली तिथे धोका कमी दिसला. आपण मात्र वाटीभर पातळ वरणात डाळ शोधायची आणि ताटात भात, पोळी, बटाट्याची भाजी एकत्र वाढून घ्यायची.

गुळावर माझा राग नाही. पुरणपोळीत गूळच हवा, संक्रांतीला तीळ-गूळच हवा. चवीसाठी खा की, कोण नको म्हणतंय? फक्त औषध म्हणून खाऊ नका, आणि साखर मोजताना तो चमचाही मोजा. औषध चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट सांगा की दिवसातून चार वेळा गुळाचा चहा होतो. बरेच जण तेवढंच सांगत नाहीत, "साखर बंद आहे" एवढंच सांगतात.