मानगूट धरून मांजराची नखं कापू नका

पावसाळा लागला की गोव्यातली मांजरं घरात अडकतात, सोफ्याच्या खोळी फाटतात आणि मोबाइलवर तोच सल्ला पुन्हा फिरू लागतो. मांजर नखं कापू देत नसेल तर मानगुटीला धरून उचला, आई पिल्लांना तशीच उचलते. सगळी नखं एका बैठकीत, होतील तितकी आखूड कापा, म्हणजे ओरबाडणं थांबेल. तरी ऐकलं नाही तर झोपेची अर्धी गोळी द्या. ओरखडा आला तर हळद लावा. यातलं एकही धड नाही, आणि शेवटची दोन तर जिवावर बेतणारी आहेत.

आईचा दाखला पिल्लांपुरता खरा आहे. मांजरी पिल्लाला मानेला धरून नेते ती पहिल्या काही आठवड्यांत, ते मूठभर असताना. चार-पाच किलोच्या बोक्याचा भार त्या कातडीवर टाकला की त्याला दुखतं, आणि तो गप्प होतो तो भीतीने. मांजरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२च्या मार्गदर्शनात मानगूट धरणं टाळायलाच सांगितलं आहे.

दुसरं, एका बैठकीचा हट्ट कशाला? नखं अठरा असतात, पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. मागची बऱ्याचदा कापावीही लागत नाहीत. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला तर कुत्रा मागे लागला की झाडावर चढायला नखंच उपयोगी पडतात. आमचा तांबू कटर पाहिलं की कपाटाखाली शिरायचा. आता तो जेवून बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, पसरला की मी शेजारी बसते आणि त्याचं एक बोट वरून-खालून हलकेच दाबते. नख आपसूक बाहेर येतं. पांढऱ्या नखात मुळाकडचा गुलाबी भाग स्पष्ट दिसतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, म्हणून त्याच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे, नुसतं वळलेलं टोक कापायचं. नख काळं असेल तर आणखी कमी. लगेच बिनमिठाच्या उकडलेल्या बांगड्याचा तुकडा, काटे काढून. पंजा ओढला, कान मागे पाडले, शेपटी आपटली, की त्या दिवसापुरतं संपलं. दिवसाला एकच नख झालं तरी तीन आठवड्यांच्या आत सगळी होतात.

आखूड कापणाऱ्यांना हा गुलाबी भागच ठाऊक नसतो. तो कापला गेला की रक्त येतं, कळ जाते, आणि पुढच्या वेळी मांजर पंजाला हातही लावू देत नाही. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉर लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरा.

गोळीबद्दल मला अजिबात मवाळ बोलायचं नाही. माणसाची बरीच औषधं मांजराच्या शरीराला झेपत नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. मांजर खरोखर आवरतच नसेल तर पशुवैद्य तपासून, वजन बघून औषध देतात. तेवढंच द्यावं.

हळदीचंही तेच, तिने रेबीज टळत नाही. मांजराचा ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला म्हणून लस लागणार नाही, असं आपणच ठरवून मोकळं होऊ नये.

राहिला सोफा. नखं कापून ओरबाडणं थांबत नाही. नखाचं जुनं टरफल काढायला आणि आपली खूण ठेवायला मांजर ओरबाडणारच. काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली एक फळी सोफ्याला लागूनच उभी करा. मांजर मागच्या पायांवर पूर्ण ताणून उभं राहील इतकी ती उंच हवी आणि हलता कामा नये. डुगडुगली तर ते परत सोफ्याकडे वळेल.