पोराचा शर्ट न विचारता वर करता?

गोव्यातला विमानतळ, सुरक्षा तपासणीची रांग. सहा वर्षांचं पोर. कमरेला आजीने चवथीला घातलेला चांदीचा करदोटा, म्हणून चौकटीतून जाताना वाजलं. वाजणारच! हातातलं यंत्र फिरवा, आईला विचारा, विषय संपला. पण नाही. चौथऱ्यावर उभं केलं, ‘हाथ ऊपर’, आणि शर्ट थेट छातीपर्यंत. मग चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये बोटं घालून करदोटा बाहेर ओढला. अख्खी रांग बघतेय. माझा भाचा हात वर धरून, ओठ घट्ट मिटून आईला शोधतोय, आणि आई पुढे आली तर ‘मॅडम, आप उधर जाइए’!

बायकांना पडदा आहे, आत तपासायला बाई आहे. असायलाच हवं. मग मुलग्याला लाज नसते हे कुणी ठरवलं? ‘कपड्याला कुणी हात लावला तर ओरड’ असं घरी-शाळेत घसा कोरडा करून आपण शिकवायचं, आणि इथे तेच मुकाट सोसायला लावायचं?

आणि मला कंदाहारचं विमान अपहरण ऐकवू नका. १९९९ मला चांगलं आठवतं. पोराच्या कपड्यात मोठं माणूस काहीही लपवू शकतं, तेही मान्य. तपासा की! पण रीत आहे की नाही? अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर २०११ मध्ये सहा वर्षांच्या मुलीला असंच चाचपलं, व्हिडिओवरून देश पेटला, आणि त्याच वर्षी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बूट न काढण्याची मुभा मिळाली, अंगाला हात लावणंही कमी करायचं ठरलं. आपल्याकडे पेटायचं सोडा, रांगेतला एक जण मला म्हणतो, ‘जाऊ दे गो, ड्युटी करतायत.’

गोव्यातल्या विमानतळावर ‘बाळा, हात वर कर’ असं कोकणी-मराठीत सांगणारं एक माणूस मिळू नये? कोकमाच्या आगळाची बाटली शंभर मिलीच्या वर म्हणून कचऱ्यात टाकताना मात्र हीच माणसं भलती तत्पर. आणि राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्रीय कॅबिनेट मंत्री यांना तपासणीच माफ! सोनिया गांधींचे जावई रॉबर्ट वाड्रा यांचं नाव तर २०१५ पर्यंत त्या यादीत होतं.

मला तपासणीतून माफी नकोय. पोरांसाठीही पडदा लावा, आईला किंवा बापाला शेजारी उभं राहू द्या, आणि हात लावण्याआधी त्या पोराला त्याच्या भाषेत सांगा. यातलं काय जड आहे?