डायलिसिस आणि नैराश्य : फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

‘डायलिसिसवर माणूस उदास राहणारच, मन खंबीर करा, मनाच्या गोळ्या किडनीला चालत नाहीत,’ असा मेसेज फिरतोय. यातलं काहीच बरोबर नाही.

प्रश्न मनाच्या दुबळेपणाचा नाहीच. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास खुर्चीत. त्यात नोकरी सुटते, येण्याजाण्यातच पैसा संपतो. पाणी मोजून प्यायचं, लग्नात पंगतीला बसूनही पानातलं निम्मं बाजूला सारायचं, फिस्टुलाचा (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्यांचा) फुगीर हात पूर्ण बाहीखाली झाकायचा. आणि सगळ्यात जास्त पोखरतं ते ‘मी घरच्यांवर ओझं झालोय’ हे वाटणं. ज्यांना घरचा आधार असतो, त्यांच्यात नैराश्य कमी दिसतं.

तरी ते सगळ्यांना होतंच असं नाही. डॉक्टरांनी मुलाखत घेऊन तपासलं, तर साधारण पाचातल्या एकाला आढळतं. थकवा, झोप न लागणं, भूक मरणं किडनीच्या आजारातही असतं, म्हणून नैराश्य नजरेतून निसटतं.

उपचार आहेत. समुपदेशन डायलिसिस चालू असतानाही करता येतं. सर्ट्रालिनसारखी औषधं नेफ्रॉलॉजिस्टच्या (किडनीच्या डॉक्टरांच्या) सल्ल्याने दिली जातात. चालू गोळी मनाने बंद करू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.