अठरा फुटांचा उतार

डोंबिवलीतील आमची चार मजली, लिफ्ट नसलेली इमारत पुनर्विकासासाठी पुढच्या महिन्यात रिकामी होत आहे आणि इतकी वर्षे एका जिन्याने चढउतार करणारी आम्ही सगळी कुटुंबे भाड्याच्या घरांत पांगणार आहोत. त्याआधी हे लिहिणे मला फार गरजेचे वाटते.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. ती इजा वाढत नाही, पण भरूनही येत नाही, त्यामुळे हातापायांचे स्नायू ताठ राहतात आणि साधा घोट गिळण्यासाठीही त्याला कष्ट पडतात. समजते मात्र सगळे. तो आता ११ वर्षांचा आहे, वजन २७ किलो, आणि आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. त्याचे बाबा पहाटेच्या लोकलने कामाला जातात, म्हणून त्याला कडेवर घेऊन मीच खाली उतरवत असे, ते माझी कंबर धरेपर्यंत.

तेव्हापासून शाळेच्या दिवशी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन भावांपैकी एक जण आमच्या दारात उभा असतो. मी कधी फोन केला नाही, आठवणही करून दिली नाही. एका रविवारी दोघे माझ्याबरोबर फिजिओथेरपीला आले आणि त्याला कसे उचलायचे ते शिकले. अचानक हात घातला की त्याचे अंग दचकून आणखी ताठ होते, म्हणून आधी त्याच्याशी बोलायचे, मग गुडघ्यांखाली हात घालायचा. आजही ते ‘चल रे, निघायचं ना?’ असे विचारतात आणि त्याने मान हलवल्यावरच उचलतात.

तळमजल्यावरच्या काकूंचे ऋण कसे सांगावे, तेच मला कळत नाही. आठवड्यातून दोन दुपारी त्या त्याला जेवू घालतात आणि मी झोपते. त्याची हनुवटी किंचित खाली, मऊ वरणभाताचा अर्धा चमचा जिभेच्या मध्यावर हलकेच दाबायचा, आणि गळ्याची हालचाल दिसेपर्यंत पुढचा घास भरायचा नाही. एका वाटीला पाऊण तास लागतो. ज्या घरात असे मूल आहे, त्याच घराला दुपारच्या दोन तासांच्या झोपेची किंमत ठाऊक असते.

दाराशी तीन पायऱ्या होत्या, मिळून १८ इंच उंच. व्हीलचेअरसाठी उतार करायचे ठरले, तेव्हा गवंड्याने सहा फुटांत काम उरकायला घेतले होते. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांनी थांबवले. एक इंच उंचीला एक फूट लांबी हवी, म्हणजे उतार १८ फुटांचा झाला पाहिजे, नाहीतर खुर्ची निसटेल, हे त्यांनी सोसायटीच्या सभेत फळ्यावर आकृती काढून समजावले. त्यात तीन स्कूटरींची जागा गेली. ज्यांची गेली, त्यांनी आपापल्या गाड्या रस्त्यावर लावायला सुरुवात केली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

हे सगळे लिहिताना एक मत स्पष्ट सांगते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तरीही एका शाळेने ‘आमच्याकडे सोय नाही’ एवढे म्हणून आम्हाला परत पाठवले होते. आताच्या शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी त्याचा पहिल्या मजल्यावरचा अख्खा वर्ग तळमजल्यावर आणला. शाळेतला प्रवेश आणि खाली आणलेला वर्ग हा त्याचा हक्कच आहे, त्यासाठी कोणत्याही आईला हात जोडायला लागू नयेत. पण पाऊण तास चमचा धरून बसा, असे कोणताही कायदा कोणाला सांगू शकत नाही. माझी कृतज्ञता त्या पाऊण तासासाठी आहे. ‘बिचारा’ म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटले. या माणसांनी हळहळण्याऐवजी त्याच्या सवयी शिकून घेतल्या.

नव्या इमारतीत लिफ्ट असेल, तोवर आम्ही भाड्याच्या घरात, तळमजल्यावर राहू. काल काकू जुन्या कॅलेंडरचे एक पान घेऊन वर आल्या. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी ठळक अक्षरांत त्याला भरवण्याची रीत लिहिली आहे, हनुवटीपासून शेवटच्या घोट पाण्यापर्यंत. ‘तिकडच्या शेजारणीला दे,’ म्हणाल्या, ‘आणि पहिले चार दिवस मी येईन तिला दाखवायला.’