शिव्या पोराला कशाला?

कोथरूडच्या टर्फवर फुटबॉलपटू कॉनर गॅलाघरचा विषय निघाला, की लंडनच्या चेल्सी क्लबची निळी जर्सी घातलेला कुणीतरी म्हणतोच, ‘बरं झालं, ब्याद गेली!’ डोकंच फिरतं माझं. अरे, लहानपणापासून चेल्सीत वाढलेलं पोरगं ते! 2023-24 मध्ये कॅप्टन रीस जेम्स जायबंदी असताना कितीतरी सामन्यांत कॅप्टनची पट्टी यानेच बांधली. पुढच्याच ऑगस्टमध्ये त्याला स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदला विकलं आणि तिकडून फॉरवर्ड जोआओ फेलिक्स आणला. का? क्लबच्या अकादमीतल्या, म्हणजे घरीच घडवलेल्या खेळाडूची हिशोबात खरेदी किंमत शून्य. विकला की जवळजवळ सगळी रक्कम निव्वळ नफा. म्हणून घरचाच पोरगा आधी बाजारात! हे मालकांना विचारा ना. नव्वदाव्या मिनिटालाही जीव तोडून पळणाऱ्यावर कसली तोंडं टाकता?